शेजारचं घर एलएलसीने घेतलंय, पाडणार म्हणतात. ब्रॉडवे-फ्लशिंगमध्ये नक्की काय थांबवता येतं?

प्राजक्त_फ्लशिंग

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्कमध्ये, त्यातून क्वीन्समध्ये घर असणाऱ्यांना विचारायचंय, बाकी कुणाला माहिती असेल तर त्यांनीही जरूर लिहा.

आम्ही ब्रॉडवे-फ्लशिंगमध्ये राहतो, लाँग आयलंड रेल रोडच्या ब्रॉडवे स्टेशनवरून चालत येण्यासारखं. गल्लीतली बहुतेक घरं शंभरीला टेकलेली, ट्यूडर पद्धतीची, उतरत्या छपरांची, आणि पुढच्या हिरवळीला कुणाचंच कुंपण नाही त्यामुळे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग बाग असल्यासारखं दिसतं. शेजारच्या आजी वारल्या, मुलं दुसऱ्या राज्यात, त्यांनी घर विकून टाकलं. घेणारा कोण ते कुणालाच कळत नाहीये कारण कागदावर एका एलएलसीचं, म्हणजे खाजगी कंपनीचं, नाव आहे. आणि आता हिरव्या प्लायवूडचं कुंपण उभं राहिलंय.

ते घर मी आतून बघितलंय म्हणून जास्त जीव तुटतो. जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, छोट्या छोट्या तिरप्या काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या, मधल्या काचेवर एक गलबत रंगवलेलं. संध्याकाळी त्याचा रंग पायऱ्यांवर पडतो. आजी ती खिडकी स्वतः पुसायच्या, कामवालीला हात लावू द्यायच्या नाहीत. छप्पर स्लेटचं, अजून एक तुकडा हललेला नाही.

तर गल्लीत दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात हा हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट आहे, कुणी हात लावू शकत नाही. काहीजण म्हणतात आता काहीही होत नाही, डेव्हलपरचंच राज्य आहे. आणि आता एक अर्ज फिरतोय की आपला भाग शहराकडून लँडमार्क करून घ्यायचा, त्यावर सह्या मागतायत. माझी सही करायची तयारी आहे पण घरात एकमत नाही. सासऱ्यांना जिना चढवत नाही, मागच्या बाजूला त्यांच्यासाठी खाली एक खोली काढायची आमच्या मनात आहे आणि खिडक्याही बदलायला झाल्यात. सासूबाईंचं म्हणणं असं की उद्या स्वतःच्या घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, कशाला सही करतेस. लँडमार्क भागात राहणारं कुणी आहे का? आणि शेजारच्या घराचं काही करता येईल का, की त्याची वेळ गेली?

टी_स्क्वेअर

प्राजक्तताई, मी आर्किटेक्टच्या ऑफिसात फायलिंगचं काम बघतो, रोजचा दिवस बिल्डिंग खात्याच्या पोर्टलवरच जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबेल, पण एकदा नीट समजून घ्या.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. तुमचा भाग नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे देशाच्या ऐतिहासिक जागांच्या यादीत आहे, २००६ पासून. तो मान मोठाच आहे, पण त्याने खाजगी मालकाला स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर पाडायला बंदी होत नाही. रजिस्टरचा जोर चालतो तो प्रकल्पात फेडरल पैसा किंवा फेडरल परवानगी असेल तिथे. साध्या घर पाडून घर बांधण्यात यातलं काहीच नसतं.

शहराचं लँडमार्क हे पूर्ण वेगळं प्रकरण. १९६३ मध्ये जुनं पेन स्टेशन पाडायला घेतलं आणि लोकांचे डोळे उघडले, मग १९६५ मध्ये लँडमार्क कायदा आला. त्याचं कमिशन अकरा जणांचं असतं, त्यात कमीत कमी तीन आर्किटेक्ट हवेत आणि पाचही बरोमधला, म्हणजे शहराच्या पाच विभागांतला, किमान एकेक रहिवासी हवा. त्यांनी एखादा डिस्ट्रिक्ट जाहीर केला की तिथे बाहेरून काही बदलायचं तर आधी त्यांचा कागद लागतो, तो नसेल तर बिल्डिंग खातं परमिटच देत नाही. क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्स १९९३ पासून, डग्लस्टन १९९७ पासून, सनीसाइड गार्डन्स २००७ पासून, शिवाय रिजवुडचे काही भाग असे डिस्ट्रिक्ट आहेत, पण मॅनहॅटन-ब्रुकलिनच्या मानाने आपल्याकडे कमीच. तुमचा भाग त्यात नाही.

म्हणजे तुमच्या शेजारच्याने झोनिंगमध्ये (कुठे काय आणि किती बांधायचं याच्या शहराच्या नियमांत) बसणारं घर काढलं तर त्याला कुणाचीच मिनतवारी करावी लागत नाही. सुनावणी नाही, कम्युनिटी बोर्ड (स्थानिक सल्लागार मंडळ) नाही, कौन्सिल मेंबर नाही. आमच्यात त्याला अ‍ॅज-ऑफ-राइट म्हणतात. लोक कम्युनिटी बोर्डाच्या मीटिंगला येऊन तावातावाने बोलतात आणि मग कळतं की बोर्डापुढे तो विषयच नाहीये. बोर्डाचं मत मुळात सल्ल्यापुरतं असतं, आणि तेही झोनिंग बदलायचं असेल किंवा सवलत मागितली असेल तेव्हा.

तिसरी एक गोष्ट तुमच्या भागात आहे जी बाकी क्वीन्समध्ये फारशी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिकर्ट-फिनले नावाच्या कंपनीने प्लॉट पाडले तेव्हा खरेदीखतातच अटी घातल्या, घर रस्त्यापासून मागे हवं, पुढे कुंपण नको वगैरे. ती सलग हिरवळ त्याच अटींमुळे टिकलीय. या अटी खाजगी करार आहेत, बिल्डिंग खातं त्याकडे बघतसुद्धा नाही, नकाशा झोनिंगमध्ये बसला की त्यांचं काम संपलं. अट मोडली तर कोर्टात जावं लागतं, आणि तुमच्याकडची घरमालकांची संघटना पूर्वी गेलेलीही आहे. त्यांना आजच गाठा.

आता लगेच करण्यासारखं. अ‍ॅक्रिस या शहराच्या साइटवर पत्ता टाकून खरेदीखत वाचा, एलएलसीच्या वतीने सही कुणी केलीय ते दिसतं. डीओबी नाऊ या बिल्डिंग खात्याच्या पोर्टलवर पत्ता टाका आणि काय फाइल झालंय ते बघा. पाडायच्या परमिटआधी बरेच कागद लागतात, अ‍ॅसबेस्टॉस तपासल्याचा, गॅस-पाणी-वीज तोडल्याचा, उंदरांचा बंदोबस्त केल्याचा, त्यावरून काम कुठवर आलंय याचा अंदाज येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या इमारतीचा नकाशा मंजूर झाला की त्याची झेडडी-वन नावाची झोनिंगची आकृती साइटवर लागते आणि तिथपासून ४५ दिवस कुणालाही हरकत घेता येते. ती हरकत 'घर कुरूप आहे' अशी चालत नाही. मागचं अंगण इतकं फूट हवं ते नाहीये, उंची इतकी जास्त आहे, बाजूला सोडायची जागा कमी आहे असं नेमकं मोजमाप लागतं. एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टला तासभर बसवा, पैसे वसूल होतील.

तळघराकडेही लक्ष ठेवा. समजा ४,००० चौरस फुटांचा प्लॉट आहे आणि एफएआर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, ०.५ आहे तर वर २,००० चौरस फूटच बांधता येतं, पण अर्ध्याहून जास्त जमिनीखाली असलेला सेलर त्यात मोजत नाहीत. म्हणून हल्ली खोल आणि रुंद खणतात. तुमचा पाया शंभर वर्षांचा, मधे फक्त ड्राइव्हवे. खोदकामाआधी तुमच्या घराची पाहणी करून फोटो काढून ठेवायची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे, पण त्याच्यावर विसंबू नका, तुम्हीही प्रत्येक भिंतीचे, छताचे, बेसमेंटच्या फरशीचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. त्याला तुमच्या बाजूने पाया आधारायला किंवा संरक्षक छत लावायला आत यायचं असेल तर तुमच्याशी लेखी करार करावा लागतो. सरळ 'नाही' म्हणून दार लावून घेऊ नका, तो स्टेटच्या ८८१ कलमाखाली कोर्टात जाऊन परवानगी आणू शकतो. त्यापेक्षा वकिलामार्फत बसून विमा, तडे मोजायची यंत्रं, कामाच्या वेळा, तुमच्या वकील-इंजिनिअरचा खर्च हे सगळं करारात घालून घ्या. ही एकच जागा अशी आहे जिथे त्याला तुमची गरज आहे.

सनीसाइडकर

मी सनीसाइड गार्डन्समध्ये राहते, लँडमार्क भागात, त्यामुळे खिडक्यांचं आणि खोलीचं मी सांगते.

खिळा ठोकायला परवानगी लागत नाही हो, सासूबाईंना सांगा. कमिशनचा संबंध बाहेरच्या अंगाशी. आत स्वयंपाकघर तोडा, बाथरूम हलवा, त्यांना घेणंदेणं नाही, जिथे बिल्डिंग खात्याचं परमिट लागतं तिथे त्यांचा एक कागद जोडावा लागतो इतकंच. फुटकी काच बदलणं, आहे त्याच रंगाने रंगवणं ही डागडुजी, त्याला अर्ज नाही. खिडक्या बदलायला मात्र अर्ज लागतो आणि समोरच्या बाजूला जुन्या खिडकीचा आकार, काचांची विभागणी राखावी लागते, त्यामुळे दुकानात जी स्वस्त पांढरी खिडकी मिळते ती चालत नाही आणि खर्च वाढतो, हे खरंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कमी उत्पन्नाच्या मालकांसाठी कमिशनची एक छोटी अनुदान योजना आहे, ती विचारून बघा.

मागची खोली रस्त्यावरून दिसत नसेल आणि आकाराने बेताची असेल तर पुष्कळदा कमिशनचा स्टाफच मंजूर करतो, सुनावणीपर्यंत जात नाही. सासऱ्यांसाठी रॅम्प हवा असेल तर त्यालाही वाट आहे. आमच्याकडे मागची बाजू जास्त नाजूक कारण आमची मागची अंगणं सगळ्यांची मिळून आहेत.

त्याचीच गोष्ट सांगते कारण ती तुमच्या हिरवळीशी जुळते. आमची वसाहत १९२४ ते १९२८ मध्ये बांधली, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी, साध्या नोकरदार माणसाला परवडावी म्हणून. घरं छोटी, विटांची, पण घरांच्या रांगांच्या आत मोठी सामाईक बाग. लुईस ममफर्ड इथे राहून गेला. सामाईक बागेच्या अटी चाळीस वर्षांच्या होत्या. साठच्या दशकात मुदत संपली आणि लोकांनी आपापल्या वाटचा तुकडा जाळीने बंद करून घेतला, कुणी पुढे गाडी लावायला सिमेंट ओतलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, प्रत्येकाने फक्त आपल्यापुरतं बघितलं. १९७४ मध्ये शहराने खास झोनिंग आणलं तेव्हा कुठे ते थांबलं, आणि लँडमार्क व्हायला २००७ उजाडलं. काही बागा आजही तुकड्यातुकड्यांत आहेत. आमच्या शेजारच्या सामाईक बागेत चालत गेलं तर मधेच जाळी लागते, तिच्या दोन्ही बाजूंना एकाच जुन्या झाडाची मुळं आहेत.

म्हणून माझं मत, खाजगी अटींच्या भरवशावर राहू नका. सही करा.

तळमजला

इथे सगळे घरमालकच बोलतायत म्हणून मी भाडेकरूच्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

मी अनेक वर्षं एल्महर्स्टला एका बेसमेंटमध्ये राहिलो. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा तिथेच होतो. सेंट्रल पार्कला एका तासात ३.१५ इंच पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे पाणी दारातून आलं नाही, आधी बाथरूमच्या फरशीतल्या जाळीतून वर आलं, काळं, आणि मग दार ढकलून उघडेना कारण बाहेरच्या पायऱ्यांच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. वरच्या घरमालकिणीने खिडकीतून ओढून काढलं. शहरात त्या रात्री तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटमधली, बहुतेक क्वीन्समधली. माणसं तिथे हौसेने राहत नाहीत. २०२३ च्या शहराच्या पाहणीत भाड्याच्या घरांमध्ये रिकामी घरं १.४१ टक्के निघाली, १९६८ नंतरची सगळ्यात कमी.

आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर एकेका कुटुंबाचं एकेक घर, आणि ते तसंच राहावं म्हणून अर्ज. जुन्या अटींचं कौतुक करताना हेही आठवा की याच बरोमध्ये अ‍ॅडिसली पार्कच्या खरेदीखतांत काळ्या माणसाला घर विकायचं नाही अशी अट होती. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असं सांगितलं. जॅक्सन हाइट्सची ती सुंदर बागेची अपार्टमेंट्ससुद्धा सुरुवातीला ज्यूंना आणि काळ्यांना बंद होती. आज तिथे ७४व्या रस्त्यावर आपण सगळे किराणा घेतो. तेव्हा 'भागाचं रूप जपायचं' हे वाक्य कानावर पडलं की मी आधी बघतो की ते कुणाला बाहेर ठेवायला वापरलं जातंय.

प्राजक्तताई, तुमच्या मनात तसं काही नाही हे तुमच्या पोस्टवरून दिसतंय. पण अर्ज कोण फिरवतंय आणि त्यांच्या बाकी मागण्या काय आहेत ते वाचून मग सही करा.

टी_स्क्वेअर

तळमजला, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, फक्त या घराला तो लागू होत नाही. एक घर पाडून तिथे एकच मोठं घर येणार असेल तर शहराला एकही जादा घर मिळत नाही. पाच जणांच्या ऐवजी पाचच जण राहणार, फक्त चौपट खोल्यांत आणि हिरवळीच्या जागी फरसबंदी. त्या फरसबंदीवरून पाणी कुठे जातं ते तुम्ही स्वतः अनुभवलंय.

जादा घरांसाठी ५ डिसेंबर २०२४ ला सिटी ऑफ यस नावाचा झोनिंगमधला बदल मंजूर झाला, कौन्सिलमध्ये ३१ विरुद्ध २० मतांनी. त्यात मालक स्वतः राहत असेल तर एक-दोन कुटुंबांच्या घरात एक छोटं जोडघर काढता येतं, पुराच्या धोक्याच्या भागात बेसमेंट नाही, लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये मागच्या अंगणात वेगळी खोली बांधता येत नाही, अशा अटी घातल्यात. दुकानांच्या रस्त्यांवर वर दोन-चार मजले चढवता येतात. पंधरा वर्षांत ८०,००० घरं असा शहराचा अंदाज आहे. मला हे हवंच होतं. नॉर्दर्न बुलेवार्डवरची एकमजली दुकानं आणि पार्किंगची मैदानं बघा, तिथे कितीतरी माणसं राहू शकतील आणि एकही चांगलं घर तोडावं लागणार नाही.

प्राजक्तताई, यातलं एक तुमच्या कामाचं. सासऱ्यांची खोली वेगळ्या दाराची, स्वतंत्र स्वयंपाकघराची करायची असेल तर ते जोडघर होतं आणि त्याचे नियम वेगळे, नुसती घराला जोडलेली खोली असेल तर साधी वाढ. काय हवंय ते आधी ठरवा, कारण लँडमार्कचा अर्ज पुढे सरकला तर याच्यावर परिणाम होईल. तुमचं काम खरंच करायचं असेल तर नकाशे आत्ताच करून परमिट घ्या. लँडमार्क जाहीर व्हायच्या आधी मिळालेलं परमिट त्याची मुदत असेपर्यंत चालतं.

सनीसाइडकर

आणि हेच शेजारच्या एलएलसीलाही लागू आहे ना? म्हणजे त्याने परमिट आधीच काढलं असेल तर?

टी_स्क्वेअर

हो. म्हणूनच आधी डीओबी नाऊ बघा म्हणतोय. लँडमार्कसाठी विनंती कुणीही करू शकतं, फुकट आहे, मालकाची संमती लागत नाही. पण विनंती केली म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही. कमिशनने ती उचलली आणि विषय कॅलेंडरवर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घेतला तर तिथपासून मालकाने पाडायचं परमिट मागितलं की कमिशनला ४० दिवस मिळतात निर्णय घ्यायला. २०१६ च्या नियमाप्रमाणे कॅलेंडरवर आल्यावर एका इमारतीचा निकाल वर्षात आणि डिस्ट्रिक्टचा दोन वर्षांत लावायचा असतो, त्यानंतरही कौन्सिल १२० दिवसांत तो फिरवू शकतं. एवढं सगळं होईपर्यंत एक घर पाडून दुसरं राहायला तयार होतं.

फ्लशिंगचे_आजोबा

प्राजक्त, मी सत्तरच्या दशकापासून फ्लशिंगमध्ये आहे, तू आमच्याच गावची म्हणायची. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही चालत जाऊन बघण्यासारख्या.

नॉर्दर्न बुलेवार्ड आणि मेन स्ट्रीटच्या नाक्यावर आरकेओ कीथ्स थिएटर होतं. १९२८ चं, टॉमस लॅम्ब नावाच्या आर्किटेक्टचं. आत गेलं की छत म्हणजे निळं आकाश, त्यात बारीक दिवे चांदण्यांसारखे, बाजूला स्पॅनिश वाड्यासारख्या भिंती, मधोमध कारंजं. आमची मुलं सिनेमा कमी आणि छत जास्त बघायची. १९८४ मध्ये लँडमार्क कमिशनने आतला भाग जाहीर केला, पण तेव्हाच्या बोर्ड ऑफ एस्टिमेटने (शहराच्या वरिष्ठ मंडळाने) ते संरक्षण कापून फक्त तिकिटाच्या दालनापुरतं आणि मोठ्या लॉबीपुरतं ठेवलं. प्रेक्षागृह वगळलं. १९८६ ला थिएटर बंद पडलं आणि मग वर्षानुवर्षं ते तसंच कुजत पडलेलं आम्ही बसमधून बघत राहिलो, मालक बदलत गेले, घोषणा होत गेल्या. अर्धवट संरक्षण दिलं की कसं होतं ते आम्ही तिथे बघितलं. ज्याला इमारत नको असते त्याला नुसतं थांबून राहिलं तरी पुरतं, छत गळू दिलं की काम आपोआप होतं. म्हणून तुमच्या अर्जात सीमा कुठून कुठे आहे ते नीट बघ. चार चांगल्या गल्ल्या पूर्ण येत असतील तर चाळीस गल्ल्यांच्या हट्टापायी त्या घालवू नका.

दुसरी गोष्ट तळमजलासाठी. बाउन स्ट्रीटवर जॉन बाउनचं घर आहे, साधारण १६६१ चं. इथल्या तीस जणांनी १६५७ मध्ये डच गव्हर्नरला लेखी कळवलं की क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना छळायचा हुकूम आम्ही पाळणार नाही, आणि सही करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. पुढे बाउनने आपल्या घरात क्वेकरांच्या प्रार्थना होऊ दिल्या म्हणून त्याला अटक करून हद्दपार केलं, तो अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन दाद मागून जिंकून परत आला. त्याच रस्त्यावर थोडं दक्षिणेला आपलं गणपतीचं देऊळ आहे, ४ जुलै १९७७ ला प्रतिष्ठापना झाली, मी हजर होतो. आम्ही तेव्हा नुकते आलेलो, नोकऱ्या नव्या, खिशात फार काही नाही, आणि या रस्त्यावर आम्हाला देऊळ बांधता आलं. ते जुनं घर जपलंय म्हणून मी माझ्या नातवंडांना त्याच्यासमोर उभं करून हे सांगू शकतो. जुनं जपणं आणि नव्या माणसाला जागा देणं यांत भांडण असलंच पाहिजे असं मला नाही वाटत. या गावात दोन्ही एकाच रस्त्यावर झालंय.

झाडांकडेही बघ. पार्सन्स यांच्या रोपवाटिकेतलं १८४७ मध्ये लावलेलं वीपिंग बीच इथे होतं, शहराने १९६६ मध्ये चक्क झाडाला लँडमार्क केलं. १९९८ मध्ये ते मेलं, पण त्याच्याच फांद्यांतून उगवलेली झाडं तिथे उभी आहेत. तुमच्या फुटपाथवरची झाडं पार्क खात्याची असतात, बांधणाऱ्याने परवानगीशिवाय तोडली किंवा मुळं कापली तर ३११ या शहराच्या तक्रारीच्या नंबरला फोन कर, लगेच कर, दुसऱ्या दिवशी नको.

तळमजला

आजोबा, देवळाचं माहीत होतं, बाउनचं नव्हतं. रविवारी कॅन्टीनला डोसा खायला येतो तेव्हा ते घर बघून येईन. पटलं तुमचं. सीमा छोटी असेल आणि नॉर्दर्न बुलेवार्ड त्यातून वगळला असेल तर मीही सही करायला तयार आहे, भाडेकरूची चालत असेल तर.

टी_स्क्वेअर

सुनावणीत कुणीही बोलू शकतं, भाडेकरूसुद्धा. लिहूनही पाठवता येतं.

प्राजक्त_फ्लशिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवरा आणि मी दोघं डीओबी नाऊवर बसलो. पाडायचं परमिट कुठे दिसत नाहीये. अर्ज आहे तो बदलाचा, पण त्याखाली लिहिलंय की नवी इमारत, जुने काही भाग ठेवून. आम्हाला आधी आनंद झाला की घर राहणार, मग नीट वाचलं तर ठेवणार काय तर पाया आणि एका बाजूची भिंत. अर्ज अजून मंजूर नाही, तपासणीत आक्षेप काढलेत असं दिसतंय.

संघटनेच्या लोकांना फोन केला, त्यांनी आजींच्या घराचं जुनं खरेदीखत काढून बघितलं, अट त्यात आहे. नवीन नकाशात घर पुढे सरकतंय का हे त्यांचा आर्किटेक्ट बघणार आहे. लँडमार्कच्या अर्जाचा नकाशा मागवला, नॉर्दर्न बुलेवार्ड त्यात नाही, स्टेशनच्या आसपासची दुकानंही नाहीत, फक्त आतल्या निवासी गल्ल्या आहेत. सासूबाईंना सनीसाइडकरताईंचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या पुढच्या खिडक्या आपल्यालाही तशाच हव्यात, फक्त थंडी आत यायला नको. खोलीचे नकाशे आधी करायचं ठरलंय.

एक विचारायचं राहिलं. ती जिन्यातली गलबताची खिडकी. घर वाचलं नाही तर ती तरी वाचवता येईल का, आणि कुणाकडे मागायची?

टी_स्क्वेअर

मागता येईल, आणि आत्ताच मागा. एकदा कंत्राटदाराने आतलं काढायला घेतलं की जे निघेल ते कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जातं, तिथे कुणी थांबून विचार करत नाही. एलएलसीच्या सहीवाल्याला आणि अर्जावर नाव असलेल्या आर्किटेक्टला एक साधं नम्र पत्र लिहा, त्यात तुमची बाकीची तक्रार घालू नका, हरकतीचा विषय वेगळा ठेवा. लिहा की चौकटीसकट खिडकी काढायचा खर्च आम्ही करतो. शिशाच्या काचकामाचा कारागीर आणा, सुताराकडून काढून घेऊ नका, पट्ट्या वाकल्या की काचा तडकतात. आधी समोरून आणि मागून फोटो घ्या, मोजमाप घ्या, काढताना दोन्ही बाजूंना प्लायवूड लावून उभीच न्यायची, आडवी करायची नाही. पत्राचा मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, उद्या दुपारपर्यंत लिहून देतो.